कानाची साक्ष

प्रयोगशाळेत तिला सगळे कानसेनबाई म्हणत. गाणारा तानसेन तर ऐकणारा कानसेन, असं कुणीतरी फार पूर्वी चहा पिता पिता म्हणून गेलं आणि ते नाव तिला कायमचं चिकटलं. खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर उरलं. तिनं कधी तक्रार केली नाही. सरकारी कचेरीत माणसाला मागून काय काय नावं पडतात ते पाहता, हे म्हणजे बक्षीसच होतं.

तिचं काम आवाजाचं. सरकारच्या त्या न्यायसहायक प्रयोगशाळेत रक्त तपासणारे वेगळे, बोटांचे ठसे पाहणारे वेगळे, विष शोधणारे वेगळे. कुणी फोनवरून धमकी दिली, लाच मागितली, खंडणी मागितली, की त्या फोनचं रेकॉर्डिंग कानसेनबाईंकडे यायचं. सोबत पोलिसांनी धरलेल्या माणसाच्या आवाजाचा नमुना यायचा. हा आणि तो एकच का, एवढाच प्रश्न. उत्तरावर मात्र माणूस आत जायचा किंवा घरी जायचा.

पूर्वी हे काम कसं चालायचं, ते सांगितलं तर आज कुणाला खरं वाटणार नाही. हवालदार पाकीट घेऊन यायचे ते खुर्ची ओढून बसायचेच. चहा व्हायचा, गुन्ह्याची गोष्ट मीठमसाला लावून सांगून व्हायची, आणि शेवटी हवालदार म्हणायचे, "बाई, हाच आहे हो तो नालायक. तुमची सही तेवढी हवी." बाई ऐकायच्या, संगणकावर आवाजाच्या रेघा काढायच्या, आणि मग उघड्या दारातून पलीकडच्या खोलीत हाक मारायच्या. पलीकडे मामा बसायचे. मामा म्हणजे दुसरे तपासनीस, सगळ्या प्रयोगशाळेचे मामा. "मामा, जरा येऊन ऐका. तोच ना?" मामा डोक्यावर हेडफोन चढवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "तोच की!" झाल्या दोन सह्या. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासलं, असं अहवालात लिहायचं. मामांची स्वतंत्र तपासणी म्हणजे बाईंच्या "तोच ना?"ला आलेला प्रतिध्वनी होता, हे दोघांच्या कधी डोक्यातही आलं नाही. ती दोघं लबाड नव्हती. एकमेकांवर त्यांचा विश्वास होता, आणि विश्वासानंच घात होतो म्हणतात तो असा.

मग कुठल्यातरी दुसऱ्याच प्रयोगशाळेत असाच एक "तोच की" खोटा निघाला. एक माणूस ऐन उमेदीची वर्षं तुरुंगात काढून बाहेर आला, आणि खरा गुन्हेगार तोवर बिनघोर फिरत होता. आरडाओरडा झाला, सरकार जागं झालं, कायदा झाला, आणि सगळ्या प्रयोगशाळांच्या डोक्यावर एक नियामक कार्यालय येऊन बसलं. त्यांची एक निरीक्षक बाई तळमजल्यावरच्या खोलीत कायमची राहायला आल्यासारखी आली. वयानं कानसेनबाईंपेक्षा बरीच लहान, टेबल आरशासारखं लख्ख, बोलणं मोजकं. तिनं आल्याबरोबर सगळ्यांचे कान टोचले.

नियम साधे होते. पाकिटावर नाव नाही, गुन्हा नाही. फक्त "क" आणि "ख". "क" म्हणजे कुणाचा ते शोधायचा तो आवाज, "ख" म्हणजे पकडलेल्याचा नमुना. "हाच तो" असं कुणी लिहायचं नाही. पुरावा किती बाजूनं आणि किती विरुद्ध, तेवढंच मोजून लिहायचं. कानाला काय वाटलं ते विज्ञान नाही, रेघा काय सांगतात ते विज्ञान. दोन तपासनिसांनी एकमेकांशी बोलायचं नाही. आणि पाकिटातला कुठलाही आवाज ओळखीचा वाटला, तर त्या क्षणी काम थांबवून निरीक्षक बाईंना सांगायचं.

मामांची खोली तिसऱ्या मजल्यावर गेली. मधल्या दाराला कुलूप लागलं आणि फटीत रबराची पट्टी बसली. प्रकरण चालू असेपर्यंत दोघांनी एकत्र चहासुद्धा घ्यायचा नाही, असं ठरलं; आणि प्रकरण तर कुठलं ना कुठलं चालूच असायचं, त्यामुळे चहा कायमचाच बंद झाला. जिन्यात मामा समोरून आले तर नुसत्या भुवया उंचावत आणि तोंडात मूग धरल्यासारखे पुढे जात. हवालदार आता पाकीट खिडकीत टाकून पावती घेऊन जायचे. कानसेनबाई काचेच्या खोलीत बसून दिवसभर परक्या माणसांचे आवाज ऐकायची, आणि तिच्याशी मात्र दिवसभर कुणी बोलायचं नाही.

नियम चुकीचे आहेत असं तिनं कधी म्हटलं नाही. उलट निरीक्षक बाईंच्या पहिल्याच भाषणात ती मनातल्या मनात शरमली होती. पण नियम बरोबर आहे म्हणून खोली कमी रिकामी वाटते, असं काही होत नाही.

घरी तर विचारायलाच नको. दोन खोल्या, एक गॅलरी, आणि आई गेल्यापासून एकच ताट. शेजारीण जिन्यात "काय म्हणता?" विचारायची आणि उत्तर यायच्या आत दार लावून घ्यायची. धुण्याचं यंत्र काम संपलं की पीं पीं करायचं, आणि कानसेनबाई स्वयंपाकघरातून त्याला "हो, आले आले" म्हणायची. एकदा आपण असं म्हणतो हे तिच्या लक्षात आलं आणि तिला हसू आलं. पण म्हणणं काही तिनं सोडलं नाही. घरात तेवढंच एक होतं जे तिला हाक मारायचं.

आता भावाचं सांगायला हवं. धाकटा तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, आणि लहानपणापासून एका शब्दाचा धनी. तो शब्द म्हणजे "बरं". अभ्यास झाला का? बरं. जेवायला ये. बरं. खिडकीची काच कुणी फोडली? बरं. बाबा म्हणायचे, "ह्याला उद्या कुणी तुझं नाव काय विचारलं, तरी हा बरंच म्हणेल." पण त्याचं "बरं" इतरांसारखं नव्हतं. "ब" ओठांत धरून तो किंचित थांबायचा, आणि उरलेलं गिळून टाकायचा. त्या थांबण्यातच त्याचं सगळं बोलणं असायचं. राग, रुसवा, कबुली, सगळं तिथेच, आणि ते घरात एकट्या ताईलाच वाचता यायचं.

आई दवाखान्यात होती तेव्हा धाकटा दूरच्या शहरात नोकरीला होता. उद्या निघतो, परवा निघतो, साहेब सोडत नाही, असं त्याचं चाललं होतं. ताई एकटी आईच्या उशाशी बसून होती. शेवटी आई गेली, सगळं आटोपलं, आणि मग याचा फोन आला की आत्ता निघतोय. ताईचं डोकं फिरलं. "आता कशाला येतोस? कुणाला बघायला? आई गेली तसा तूही गेलास. तू मला मेलास."

पलीकडे तो थांबला. मग म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

रागाच्या भरात असं म्हणतात की माणसं. आणि आठवड्याभरात दारात येऊन उभीही राहतात. पण धाकट्यानं ताईचा शब्द खाली पडू दिला नाही, आणि ताईनं आधी फोन केला नाही. मोठी ती, चूक त्याची, मग आधी कुणी? एवढ्या एका प्रश्नावर आठ-नऊ वर्षं गेली. मध्ये एकदा धीर करून तिनं त्याचा नंबर लावला, तर तो बंद झालेला होता. कुठल्या गावी गेला, लग्न केलं का, काही कळलं नाही. तिनं स्वतःचा नंबर मात्र मुद्दाम कधी बदलला नाही.

आणि एके दिवशी पाकीट आलं.

नेहमीसारखं, "क" आणि "ख". तिनं आधी "क" लावला. स्वस्तातला फोन, मागे रहदारी, आणि एक पुरुष कुणातरी बाईला दरडावत होता. त्या बाईचं बोलणं आधीच काढून टाकलेलं होतं. "दुकान उघडं ठेवायचंय की नाही, तेवढं सांग... काय? घरी विचारून सांगतेस?... बरं."

कानसेनबाईनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले. पुन्हा चढवले, पुन्हा तेवढंच ऐकलं. "ब" ओठांत धरलेला, ते थांबणं, आणि उरलेलं गिळलेलं. काचेपलीकडून शिपाई जात होता, त्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून ती खाली वाकून चप्पल शोधत बसली.

धाकटा. आणि हे धंदे करतोय.

मग तिनं "ख" लावला. पकडलेल्या माणसाला नेहमीचा उतारा वाचायला दिलेला होता. तो अडखळत, अक्षर लावत वाचत होता. वाचून झालं, पण यंत्र बंद व्हायच्या आधी त्याचं आणखी एक वाक्य आत आलं होतं. "झालं ना? पाणी मिळेल का थोडं?" कुणीतरी त्याला गप बस म्हणालं. तो धाकटा नव्हता. तो दुसराच कुणीतरी होता, धाकट्याच्या जागी धरलेला.

तिनं रेघा काढल्या. दोन दिवस खपून मोजमापं घेतली. पण "क" इतका तुटक आणि गढूळ होता की रेघा काही बोलेनात. एकाच माणसाच्या म्हणाव्यात तर तशाही, दोघांच्या म्हणाव्यात तर तशाही. नियमाप्रमाणे याला एकच शब्द: अनिर्णित. तो लिहायचा, सही करायची, मोकळं व्हायचं. कानाला काय वाटलं हे विज्ञान नाही, असं नियामकांनीच तर लिहून दिलं होतं. म्हणजे तिच्या भावाला लपवायला खुद्द सरकारनंच जागा करून ठेवली होती.

पण दुसरा नियम तिथेच, त्याच कागदावर, खालच्या ओळीत होता. ओळखीचा आवाज असेल तर सांगायचं. आणि सांगितलं की कुणाचा हे सांगावं लागणार. भाऊ म्हणून प्रकरणातून बाजूला व्हायचं, तर बाजूला होतानाच भावाकडे बोट दाखवायचं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही सरकारनंच खणलेली.

तीन-चार दिवस तिनं काहीच केलं नाही. नाही कसं, एक गोष्ट केली. "क" ऐकत राहिली. कामासाठी जेवढा ऐकायला हवा होता, त्याच्या कितीतरी पलीकडे. धमकीचा भाग ती पुढे ढकलायची आणि तेवढं "बरं" ऐकायची. लाज वाटायला हवी होती. भाऊ गुंड झाला, कुणा गरीब बाईला छळतोय, आणि आपण काय करतोय? पण खरं सांगायचं तर तिला आनंद होत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सकाळी उठून कामाला जावंसं वाटत होतं. काचेच्या खोलीत कुणीतरी आपलं माणूस बसलेलं होतं. एकदा तर त्यानं "बरं" म्हटल्यावर तिच्या तोंडून निघून गेलं, "काय बरं? नीट बोल की."

"ख"नं तिला हे सुख पुरतं घेऊ दिलं नाही. त्याचं ते पाणी. घरी पाण्याचा पेला तोंडाला लावला की तो आठवायचा. अनिर्णित म्हणजे तो सुटणार नाही, नुसता लटकत राहणार. त्याचीही कुठे ताई असेल, आणि ती नंबर लावत बसली असेल.

आणि आणखी एक होतं, तेही सांगून टाकलेलं बरं. सांगितलं तर पोलीस धाकट्याला शोधणार होते. तिला जे आठ-नऊ वर्षांत जमलं नाही ते त्यांना दोन दिवसांत जमलं असतं. न्यायासाठी ती जिना उतरली हे खरं, पण तेवढ्याचसाठी उतरली असं म्हणणं खोटं ठरेल.

"बसा," निरीक्षक बाई म्हणाली. "काय झालं?"

"पाकिटातला आवाज माझ्या ओळखीचा आहे."

"क की ख?"

"क."

"कोण?"

"भाऊ. धाकटा. सख्खा."

निरीक्षक बाईनं हातातलं पेन खाली ठेवलं. "शेवटचं कधी बोललात त्यांच्याशी?"

"आठ-नऊ वर्षं झाली."

"आणि कशावरून ओळखलंत?"

"एका शब्दावरून. बरं."

"बरं?" निरीक्षक बाईच्या तोंडी त्या शब्दात काहीच उरलं नाही. "बरं तर सगळेच म्हणतात, बाई. मी दिवसातून पन्नासदा म्हणते."

"सगळे म्हणतात. त्याच्यासारखं तो एकटाच म्हणतो."

"रेघा काय म्हणतात?"

"रेघा काही म्हणत नाहीत. पण खात्री आहे माझी. शंभर टक्के."

"तो आकडा आपण काढून टाकलाय."

"तुम्ही काढलाय. माझ्या कानातून अजून निघालेला नाही."

निरीक्षक बाई हसली नाही, पण रागावलीही नाही. तिनं धाकट्याचं नाव, वय, जुनं शहर लिहून घेतलं. "आत्ताचा पत्ता?"

"मला नाही माहीत. तुम्ही शोधाल ना?"

हे ती अशा काही स्वरात म्हणाली, की निरीक्षक बाईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. "पाकीट दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल," निरीक्षक बाई म्हणाली. "तुमचा आता त्याच्याशी संबंध नाही. कुणाला विचारायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही."

"बोलायला आहे कोण?" कानसेनबाई म्हणाली आणि उठली.

पुढचे दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. आपण काय करून बसलो, असं घटकेत वाटायचं. सख्ख्या भावाला स्वतःच्या तोंडानं आत घातलं! आई असती तर तोंड बघितलं नसतं. आणि घटकेत मन कुठल्या कुठे पळायचं. तुरुंगात भेटायला जाता येतं. वेळ ठरलेली असते, नाव पुकारतात, जाळीच्या पलीकडे माणूस आणून बसवतात. तिथून तो फोन ठेवून जाऊ शकत नाही. स्वेटर नेता येतो. जावं आणि म्हणावं, मी तोंडाला येईल ते बोलले रे. तू तरी इतकं मनावर का घेतलंस? तिनं कपाट उघडून जुनी लोकरही काढून ठेवली. भाऊ तुरुंगात जाईल म्हणून रडणारी बहीण आणि भाऊ तुरुंगात सापडेल म्हणून लोकर काढणारी बहीण, दोघी त्या दोन खोल्यांत एकत्रच नांदत होत्या.

मग निरीक्षक बाईनं खाली बोलावलं. या खेपेला तिनं आधी दार लावून घेतलं.

"दोन वेगवेगळ्या तपासनिसांनी पाहिलं," ती म्हणाली. "एकमेकांना न विचारता. तुमच्या भावाच्या आवाजाचा नमुनाही घेतला होता. दोन्हींत जमीनअस्मानाचं अंतर आहे, पुरावा सगळा विरुद्ध. तो आवाज त्यांचा नाही."

"नाही कसा?"

"नाही. शिवाय तो फोन झाला तेव्हा ते कुठे होते याची चौकशी झाली. त्यांचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नाही."

कानसेनबाईला आधी हायसं वाटलं. धाकटा गुंड नाही. मग हळूहळू दुसरी गोष्ट आत उतरली. म्हणजे ते "बरं" परक्याचं होतं. कुठल्यातरी खंडणीखोराच्या शब्दाशी ती दिवसचे दिवस मायेनं बोलत बसली होती.

"कसा आहे तो?" तिनं विचारलं. "कुठे असतो? पोलीस त्याच्या घरी गेले होते का? काय म्हणाला?"

"ते मला सांगता येत नाही. नियम तुम्हाला माहीत आहे." निरीक्षक बाईचा आवाज थोडा खाली आला. "पोलीस गेले होते. नमुना का घेतला, कुणाच्या सांगण्यावरून, हे तुमच्या भावाला कायद्यानं सांगावं लागतं. सांगितलंय."

"आणि ख?"

"तेही सांगता येत नाही. पण तुमच्या सांगण्यामुळे तपास काही दिवस भलतीकडे गेला, एवढं खरं." तिनं समोरची फाईल उघडली. "बाई, तुमचे जुने अहवाल आम्ही पुन्हा काढतोय. 'हाच तो' लिहिलेले, सगळे. शिक्षा म्हणून नाही."

"काढा," कानसेनबाई म्हणाली. "काढायलाच हवेत." तिला राग आला नाही. ज्या कानावर आयुष्य काढलं, त्यानं सख्खा भाऊ ओळखण्यात मार खाल्ला. मग त्यानं परक्या माणसांचं काय काय केलं असेल, हा विचार घेऊन ती उठली. वर जाताना जिन्यात मामा भेटले. त्यांनी भुवया उंचावल्या. तिनं मान खाली घातली आणि पुढे गेली.

धाकट्याला आता कळलं होतं. इतक्या वर्षांनी बहिणीनं आठवण काढली, ती पोलिसांना पाठवून. तो काही आता फोन करत नाही, हे तिनं मनाशी धरून टाकलं. लोकर तिनं पुन्हा कपाटात ठेवली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी ती कपड्यांच्या घड्या घालत होती. चादरी मागवल्या होत्या, त्यांचं पार्सल आज-उद्या येणार होतं. फोन वाजला. नंबर अनोळखी. तिनं खांद्यानं फोन कानाशी धरला आणि घडी घालणं चालूच ठेवलं.

"हॅलो. ताई?"

घोगरा, फाटका आवाज. शब्द जेमतेम बाहेर येत होता, निम्मा वाराच.

"हो, बोला. पार्सल ना?"

पलीकडे काहीच नाही.

"हॅलो? तुमचा आवाज नीट येत नाहीये. घसा बसलाय वाटतं. गरम पाणी प्या जरा, उन्हातान्हाचं फिरता तुम्ही. आणि हे बघा, वर चढत बसू नका, पार्सल खालीच ठेवून द्या. मी येते घ्यायला."

"ठेवतो," तो आवाज म्हणाला.

फोन बंद झाला. तिनं उरलेल्या दोन घड्या घातल्या, चप्पल अडकवली आणि खाली गेली. टपालपेट्यांखाली काही नव्हतं. दाराबाहेर काही नव्हतं. रखवालदार खुर्चीत पेंगत होता, त्याला तिनं विचारलं.

"पार्सल? कुणी आलंच नाही की, मॅडम."

मॅडम. पार्सलवालेही तिला मॅडमच म्हणतात. ताई कुणी म्हणत नाही. ताई म्हणणारा जगात एकच होता.

ती पायरीवर बसली. ठेवतो म्हणजे पार्सल नव्हे. ठेवतो म्हणजे फोन. त्यानं फोन केला होता. पोलीस घरी येऊन गेल्यावरही, तू मला मेलास म्हटल्यावरही, आधी त्यानंच फोन केला होता, आणि तिनं त्याला गरम पाणी प्यायला सांगून वाटेला लावलं. त्याच्या गळ्याला काय झालं होतं? कधी झालं? कुणी होतं का तेव्हा त्याच्याजवळ? तिच्या कानात होता तो आवाज आता कुणाच्याच गळ्यात नव्हता. तिला रडू फुटलं, आणि रखवालदार ओशाळून उगाच फाटकापर्यंत जाऊन आला.

तिनं डोळे पुसले आणि तोच नंबर लावला. बराच वेळ वाजत राहिला. मग कुणीतरी उचलला, पण बोललं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता, घरघरता.

"मी बोलतेय," ती म्हणाली.

"मी कोण?" तो घोगरा आवाज म्हणाला.

तो खरंच विचारत होता की डिवचत होता, की तिनं आधी बोलावं म्हणून वाट पाहत होता? तिनं फोन कानाशी घट्ट दाबला. सगळा जन्म आवाज ऐकण्यात गेला होता, आणि या एका आवाजातलं तिला काहीच कळेना.

"तुझी बहीण," ती म्हणाली. "तुझा आवाज ओळखला नाही रे मी."

पलीकडून काही आलं नाही. पण फोन ठेवल्याचाही आवाज आला नाही, आणि ती पायरीवर तशीच बसून राहिली.